वाट घरातून जाते

१

सकाळी उठलं की मी आधी पुढची पायरी पुसते. चहा नंतर, आंघोळ नंतर, आमच्या ह्यांची विचारपूसही नंतरच. आमचं घर म्हणजे डोंगरवाटेवरचं मुक्कामाचं घर. दुपार कलली की सॅक पाठीवर घेतलेली माणसं येतात, सूप पितात, पाव खातात, मोजे वाळत घालतात, झोपतात आणि सकाळी पुढे चालू लागतात. त्यांच्या बुटांचा चिखल पायरीवर बसतो. ओला असताना पुसला तर निघतो, नाहीतर दिवसभर खरवडत बसा. लग्न होऊन आले तेव्हापासून ती पायरी माझ्या हाताखाली आहे. तिचा प्रत्येक खड्डा मला माझ्या दातांसारखा पाठ आहे. दात आता फारसे उरले नाहीत, पायरी मात्र आहे तशी आहे.

त्या सकाळी फडकं फिरवलं आणि पायरीच्या उभ्या अंगावर मला पिवळा पट्टा दिसला.

हे पट्टे वाटेवर सगळीकडे असतात. पंजाएवढे, बहुतेक गुडघ्याच्या उंचीवर, कधी दगडावर, कधी झाडावर, कधी कुंपणाच्या खांबावर. पट्टा दिसला की समजायचं वाट बरोबर आहे, चालत राहा. वाट वळते तिथे पट्टाही वाकवलेला असतो. चुकीची पायवाट फुटते तिथे पिवळी फुली मारतात, म्हणजे इकडे येऊ नका. वाट पहिल्यांदा आखली तेव्हा आमचे हे त्या मंडळींत होते. डबा आणि ब्रश ह्यांच्याकडे. म्हणून डोंगरात अजून सगळे ह्यांना खूणवाले म्हणतात, खरं नाव फक्त माझ्या आणि डॉक्टरच्या लक्षात आहे.

आमच्या फाटकाच्या खांबावर ह्यांच्याच हातचा पट्टा आहे, डावीकडे वळलेला. वाट तिथून घराला वळसा घालते, लाकडाच्या शेडवरून मागच्या धारेवर चढते आणि पलीकडे शाळेच्या मैदानात उतरते. सरळ जायला जागाच नाही. समोर घर, आणि घराच्या पाठीला डोंगर टेकलेला.

यंदा वाटेला पन्नास वर्षं होणार म्हणून वाटेची देखभाल करणाऱ्या मंडळाची माणसं सगळे पट्टे नव्याने रंगवत होती. मी म्हटलं, कोणीतरी जाता जाता ब्रश झटकला असेल. फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून आणलं नि घासलं. निघेना. मग वाकून नीट बघितलं. रंगाला तडे गेले होते, कडा उडाल्या होत्या, एका कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं. बुटांची टोकं लागून लागून मधोमध तो झिजला होता.

काल तो तिथे नव्हता. आणि आज तो जुना होता.

२

सून स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी विचारलं, "पायरीवर पट्टा कोणी मारला गं?"

"कुठला?"

"पिवळा. वाटेवर असतो तसा."

"तो आहेच की, आई."

"आहेच म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यापासून आहे. मला तरी असंच वाटतं." सुरी थांबवून तिने जरा आठवून पाहिलं. "आता मी काही पायरीकडे बघत नाही. तुमची पायरी ती, मला हात तरी कुठे लावू देता?"

हे खरं होतं. मुलगा दूर गावी ट्रक चालवतो, महिन्यातून एकदा येतो. घर आम्ही दोघी ओढतो. मी तिला पायरी देत नाही आणि ती मला गॅसपाशी फार वेळ उभी राहू देत नाही, असा आमचा तह आहे.

दुपारी मंडळाचा सेक्रेटरी आला. माणूस चांगला, पण बोलायला लागला की समोर एकच माणूस असला तरी सभा भरवतो. वरच्या टोकाहून एक तुकडी निघाली आहे, खालच्या टोकाहून दुसरी, दोन्ही रविवारी शाळेच्या मैदानात भेटणार, वगैरे वगैरे. मग घसा साफ करून म्हणाला, "काकांना खुर्चीत बसवून आमची मुलं उचलून नेतील. पहिल्या मंडळींतले आता तेवढेच राहिलेत, काकू. त्यांच्याशिवाय शोभा नाही."

"ते नाही येणार."

"अर्धा तास फक्त. स्टेजवर."

"तुझ्या वाटेला पन्नास झाली, माझ्या संसाराला त्याहून जास्त. मी कधी तुला भाषणाला बोलावलं?"

तो हसला, पण मी हसले नाही. गेल्याच्या गेल्या थंडीत हे धारेवर पडले आणि खुबा मोडला. चौघांनी फळीवर घालून घरी आणलं. डॉक्टरने मला पॅसेजमध्ये बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा उभे राहायला गेले आणि पडले, तर त्यातून उठायचे नाहीत. तेव्हापासून ह्यांना पलंगावर ठेवणं हे माझं काम. पहिले काही महिने वाट, वाट करायचे. मग गप्प झाले. मला ते बरंच वाटलं होतं. वाटेने त्यांना सोडलं असं मी धरून चालले होते.

जाताना सेक्रेटरीला मी पायरी दाखवली. तो उकिडवा बसला, नखाने कड उचकटून बघितली.

"हा आमचा नाही. आम्ही यंदा लिंबासारखा पिवळा आणलाय. हा काकांच्या हातचा. ते डब्यात विटकरी रंगाचा थेंब टाकायचे, बघा, तांबूस मारतोय."

"मग इथे कसा आला?"

"ते काकांनाच विचारा." उठून त्याने गुडघे झाडले. "पण हा वळणाचा नाही हं काकू. सरळ आहे. म्हणजे काकांनी वाट तुमच्या घरातूनच काढली होती म्हणायची."

तो हसला. मग मीही हसले. आम्ही दोघं जरुरीपेक्षा थोडं जास्तच हसलो.

३

दुसऱ्या दिवशी मी वरून चादरी घेऊन उतरले तर पॅसेजच्या टोकाला दोन माणसं उभी. नवरा-बायको असावीत. सॅक पाठीवर, काठ्या हातात, बूट पायात. आमच्याकडे बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, आत फक्त मोज्यांवर यायचं, आणि हा नियम या वाटेवर सगळ्यांना ठाऊक आहे. ती दोघं ह्यांच्या खोलीच्या बंद दारासमोर उभी होती, जसं काही कोणी दार उघडेल आणि पुढे जाता येईल.

"खोल्या वर आहेत," मी म्हटलं.

"मुक्काम नाही करायचा आम्हाला," बाई म्हणाली. "पुढे जायचंय. वाट इकडूनच आहे ना?"

"हे घर आहे."

"हो, ते दिसलं," नवरा फार नम्रपणे म्हणाला. "पण खूण आहे, म्हणून आलो."

त्याने काठीच्या टोकाने दाखवलं. कोट अडकवायच्या खुंट्यांच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळा पट्टा. जुना, तडकलेला, तांबूस. त्याच्या चारी बाजूंनी भिंतीचा पांढरा रंग अगदी सांभाळून लावलेला, रंगारी स्विचच्या कडेने लावतात तसा.

ती भिंत मी दर उन्हाळ्यात रंगवून घेते. समोर खुर्ची टाकून बसते, नाहीतर रंगारी एकाच हातावर भागवतात. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस पट्टा सोडून रंगवत होता आणि मला दिसलं नाही? मी स्वतःला तपासून बघितलं. मुलाला पहिला दात आला त्या दिवशी आकाश कसं होतं ते मला सांगता येतं. सासूबाई मला पहिल्यांदा कशावरून टोचून बोलल्या ते तर शब्दाशब्दाने. मग हा पट्टाच तेवढा डोक्यातून गळला? गळतही असेल. म्हातारपणी डोक्याला कुठून भोक पडेल याचा नेम नाही. पण भोकातून गोष्टी जातात. नव्या आत येत नाहीत.

दाराआडून ह्यांचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"चुकलेत कोणी."

"वरून आले की खालून?"

"वरून."

"मग चुकले कुठे? येऊ दे ना त्यांना."

मी त्या दोघांना अंगणातून वळसा घालून शेडपर्यंत पोचवलं. जाताना बाई दोनदा मागे वळून घराकडे बघत होती, बसमध्ये पिशवी विसरल्यासारखी.

मग रोजच कोणी ना कोणी आत यायला लागलं. सुनेने एकाला बुटांवरून असं झापलं की त्याच्या मागचे सगळे मोज्यांवर यायला लागले, बूट हातात धरून. मी पॅसेजमध्ये आडवी दोरी बांधली. तर लोक दोरी सोडून आत जात आणि मागे वळून तिला पुन्हा गाठ मारून ठेवत. वाटेवरचं फाटक उघडलं की लावायचं, ही त्यांची सवय. दारापाशी जाऊन थांबायचे, भिंतीकडे बघायचे, लाजायचे आणि परत यायचे.

"चांगली शिकलीसवरलेली माणसं ही," सून म्हणाली. "उद्या पट्टा विहिरीत गेला तर विहिरीतही उतरतील."

ती हसली, आणि मी दोरीची गाठ आणखी घट्ट केली. गाठ कोणाला अडवत नव्हती हे माहीत असूनही.

४

ह्यांची चादर मी सकाळी बदलते. एका कुशीवर वळवायचं, अर्धी काढायची, अर्धी घालायची, मग दुसऱ्या कुशीवर. त्या दिवशी चादरीचं टोक खोचायला पायथ्याशी वाकले आणि पलंगाच्या फळीवर, दाराकडच्या बाजूला, पट्टा होता.

तो पलंग माझ्या माहेरचा. दर महिन्याला त्याला मी तेल लावते.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि खरवडायला बसले. पिवळा पापुद्रा उडाला. त्याच्या खाली पिवळा. तो काढला, खाली आणखी पिवळा, जरा फिका. वाटेवरच्या दगडांवर असेच थर असतात, जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. खरवडत खरवडत मी लाकडापर्यंत पोचले, तर लाकूड तिथे खोलगट झालं होतं, कित्येक हात टेकून गेल्यासारखं.

"काय करतेस?" हे म्हणाले.

"हा पट्टा कोणी मारला?"

"कसा आहे?"

"कसा म्हणजे? पिवळा."

"वरची कड उजवीकडे जाड आहे का?"

मी बघितलं. होती.

"मग मीच मारला असेन. माझा ब्रश तसा चालतो." ते छताकडे बघत होते. "आठवत नाही बुवा. पण वळवलाय की सरळ?"

"सरळ."

"बरं केलं," ते म्हणाले. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मला हलका दिसला. "फाटकापाशी वळवला तेव्हाच मला पटलं नव्हतं. सगळे म्हणाले घर आहे, घर आहे. मी म्हटलं, असेना."

"आपलं घर आहे ते."

"हो ना," ते म्हणाले, समजूत काढल्यासारखं.

मी सुरी पदराला पुसली. तेवढ्यात पांघरूण हललं असं वाटलं. पायांपाशी. मी हात ठेवून बघितलं. पाय गार आणि निवांत होते, रोजच्यासारखे.

५

रविवारी सकाळपासून सून सूपची भांडी बांधत होती. मैदानात सगळ्या चालणाऱ्यांना आमच्या घरचं सूप द्यायचं ठरलं होतं. जीपमध्ये भांडी चढवता चढवता तिने विचारलं, "बाबांना खरंच नाही न्यायचं? आज त्यांचाच दिवस आहे, आई."

"म्हणूनच नाही न्यायचं."

तिने झाकण भांड्यावर आपटून बसवलं. सुना जेव्हा काही बोलत नाहीत तेव्हा बरंच बोललेल्या असतात.

जीप वळणाआड गेली आणि वरून धुकं उतरायला लागलं. फाटक दिसेनासं व्हायच्या आत मी शेडमधून ह्यांचा जुना डबा काढला. वर साय धरली होती, ती काठीने बाजूला केली. खाली रंग अजून ओला होता. तांबूस पिवळा.

वाट जिथे जाऊ नये तिथे काय करायचं ते मला माहीत होतं. पायरीवरच्या पट्ट्यावर मी फुली मारली. पॅसेजमधल्या पट्ट्यावर मारली. मग आत येऊन पलंगाच्या फळीवर. फुल्या काही देखण्या नव्हत्या, पण जाड होत्या. हे पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते.

"अगं, असं करायच्या आधी," ते म्हणाले.

"आज तुम्ही बोलू नका."

पुढच्या दाराला मी आतून कडी घातली आणि ह्यांच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले.

थोड्या वेळाने वरची तुकडी आली. धुक्यातून आधी काठ्यांचा आवाज, मग खोकला, मग कोणाचं तरी हसणं. फाटकापाशी सगळं थांबलं. कोणीतरी पायरीपर्यंत येऊन म्हणालं, "इकडे फुली आहे. डावीकडून चला." आणि ती सगळी वरात अंगणाच्या कडेने, शेडवरून, मागच्या धारेवर चढून गेली. आवाज बारीक होत होत विरला. जरा वेळाने पलीकडून टाळ्या ऐकू आल्या, दूर, पत्र्यावर पाऊस पडावा तशा.

मला वाटलं झालं. चहा टाकावा असंही मनात आलं.

६

मग ह्यांच्या उशाकडच्या भिंतीतून खट असा आवाज आला.

ही खोली डोंगर कोरून बसवलेली आहे. त्या भिंतीच्या पलीकडे अंगण नाही, वाट नाही, काही नाही. माती आणि खडक. पावसाळ्यात तिथे ओल येते आणि उन्हाळ्यात गारवा, एवढाच तिचा आणि माझा संबंध.

खट. मग बऱ्याच जागी खट, खट. काठ्यांची टोकं, पण मातीत दबलेली. जवळ येत होती. मी म्हटलं, धारेवरून कोणी मागे राहिलेलं जात असेल, डोंगर आवाज खेळवतो. मग आवाज थांबले. आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते मी झोपेतही ओळखेन, कारण आयुष्यभर रोज ऐकलं आहे. बरीच माणसं एकदम खाली बसल्याचा आवाज. नाड्या सोडल्याचा. आणि मग बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडल्याचा. थप, थप.

बूट काढत होती ती. आमच्या घरात यायचं म्हणून.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं होतं ते. वाटेवरच्या प्रत्येक दगडाला दोन पट्टे असतात. एक वरून येणाऱ्यांना दिसेल असा, दुसरा पाठीमागे, खालून येणाऱ्यांना दिसेल असा. ह्यांचे निम्मे दिवस दगडांच्या पाठी रंगवण्यात गेले. आणि मी फुल्या मारल्या त्या सगळ्या एकाच अंगाने, दारातून आत येणाऱ्यांसाठी. खालची तुकडी शाळेपाशीच थांबणार होती, आमच्या घरावरून ती जाणारच नव्हती. त्या बाजूने आज कोणी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डबा उचलून मी पलंगाच्या उशाला गेले. फळी आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढीच फट. डोकं लावून बघितलं. भिंतीकडच्या अंगाला पट्टा होता, स्वच्छ, फुली नसलेला. मी जमिनीवर आडवी झाले. या वयात आडवं व्हायला वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात भिंत अगदी गप्प होती. फटीत हात घालून मी चाचपडत ब्रश ओढला. एक रेघ, तिच्यावर दुसरी.

मान वळवली तर गाल फरशीला टेकलेला, आणि पलंगाखालून पलीकडची बाजू दिसत होती.

पावलं होती. उभी. ओल्या मोज्यांतली, राखाडी, तपकिरी, एकमेकांना चिकटून, दारापर्यंत. बोटं सगळी दाराकडे. कोणी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेत होतं, कोणी अंगठा फरशीवर घासत होतं, रांगेत खोळंबल्यावर माणसं करतात तसं. सगळ्यात जवळच्या मोज्याला टाचेपाशी रफू होतं. तो आडवा टाका मी घालते, मुक्कामाला आलेल्यांच्या मोज्यांना. दुसरं कोणी तसा घालत नाही.

७

पलंगाला धरून मी उठले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. फरशी मात्र ओली होती. ओले ठसे पायथ्यापर्यंत गेले होते, फुलीपाशी थांबले होते, वळून उशापर्यंत आले होते, आणि पुन्हा वळले होते.

"मघाशी तेच सांगत होतो," हे म्हणाले. रागावले नव्हते. ब्रश कसा धरायचा हे नवख्याला सांगताना असा आवाज असायचा त्यांचा. "वाट बंद करायच्या आधी मधे कोणी आहे का ते बघून यायचं असतं. मधे अडकलेल्याला फुली पाठीमागूनही अडवते. तू पुढूनही मारलीस, मागूनही मारलीस. आता आतल्यांनी जायचं कुठून?"

कोपऱ्यात टर्पेंटाइनचं फडकं होतं. ते घेऊन मी पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि फुली पुसायला लागले. ओला रंग लगेच सुटला. एक टोक गेलं. माझ्या पाठीमागे हवा हलली, जवळ आली, बस आल्यावर गर्दी सरकते तशी.

आणि पलंग करकरला.

ह्यांनी दोन्ही हातांनी पांघरूण बाजूला केलं होतं. एक पाय फरशीवर होता. इतक्या दिवसांनी, मोडलेल्या खुब्याचा तोच पाय.

"तू पूस," ते म्हणाले. "मी यांना वरपर्यंत सोडून येतो. पुढचं वळण यांना सापडणार नाही."

"पडाल."

"नाही पडत."

"परत कधी याल?"

या प्रश्नावर ते हसले. आयुष्यभर डबा घेऊन निघताना मी हेच विचारायची आणि ते म्हणायचे, रंग संपला की. त्या दिवशी तेवढंही नाही म्हणाले.

मी फडक्याकडे बघितलं. अर्धवट पुसलेल्या फुलीकडे बघितलं. माझ्या मागे कोणीतरी अगदी हळू श्वास घेत होतं, नम्रपणे, मला घाई न करता. मग मी ब्रश घेतला आणि पुसलेलं टोक पुन्हा भरून काढलं. डब्याचं झाकण बसवलं. ह्यांचा पाय उचलून वर ठेवला. त्यांनी अडवलं नाही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, नवल वाटल्यासारखे.

८

कार्यक्रम छान झाला म्हणे. सेक्रेटरीचं भाषण कोणी ऐकलं नाही आणि सूप कमी पडलं. खूणवाल्यांची खुर्ची स्टेजवर रिकामी ठेवली होती, असं सुनेने सांगितलं. तिने सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

आता चालणारे आत येत नाहीत. फुली बघतात आणि वळसा घालून जातात. पण घराला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही राहिलं. दिवसभर पॅसेजमध्ये काहीतरी दारापर्यंत जातं आणि परत येतं. आवाज नाही, नुसती चाल. मी खुर्ची टाकून बसले की पाय आवरून घ्यावे लागतात, नाहीतर समोर कोणीतरी खोळंबल्यासारखं वाटतं. सून म्हणते, "आई, पॅसेज ओला कसा राहतो? पाइप फुटलाय का?" मी म्हणते, बघते. सकाळी आता पायरीच्या आधी पॅसेज पुसते.

ह्यांचे पाय पांघरुणाखाली हलतात. एक, मग दुसरा, एक, मग दुसरा. डॉक्टर आला होता, त्याने हात लावून बघितलं आणि म्हणाला, ही चांगली खूण आहे. मी हात लावते तेव्हा ते गरम असतात, दिवसभर चालून आलेल्या माणसाचे असतात तसे. मी गरम पाण्यात मीठ घालून शेकून देते. मुक्कामाला येणाऱ्या सगळ्यांना देते तसंच.

परवा दुपारी मी त्यांना सूप दिलं. त्यांनी सगळं संपवलं, पावाच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली, चमचा वाटीत आडवा ठेवला. घरी कधी असं करत नसत. सांडून ठेवायचे आणि मीच बोलायची.

"मालकीणबाई, सूप फार छान होतं," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांची चेष्टा अशीच असते, तोंड सरळ ठेवून. मी हसून मान वर केली. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. चांगल्या घरचा पाहुणा दुसऱ्याच्या घरात बसतो तसे ते बसले होते, कोपर अंगाशी घेऊन.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुम्हाला त्रास द्यायचा नाही. पण बरोबरचे सगळे खोळंबलेत. वाट कधी उघडेल?"

फुली त्यांच्या पायथ्याशीच होती. फडकं कोपऱ्यातच होतं. मी एकदा तिकडे बघितलं.

"धुकं आहे हो बाहेर," मी म्हटलं. "निवळलं की सांगते."

खिडकीतून लख्ख ऊन थेट पलंगावर आलं होतं. त्यांनी त्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं," ते म्हणाले. पांघरुणाखालचे पाय थांबले नाहीत.